विश्लेषण : नाथसागरातला मासा टिकणार कसा? अलास्काचा सॅल्मन पैठणला काय सांगतो?

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात मेन्यूकार्डावर ‘इंडियन सॅल्मन’ असे नाव दिसते आणि ताटात येतो तो रावस. चवीला उत्तम, पण सॅल्मनशी त्याचे नाते काही नाही. खरा सॅल्मन थंड पाण्याचा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. अलास्कात या एका माशावर गावेच्या गावे जगतात. मासा तळ्यात पाळायचा नाही, वाहत्या पाण्यातून पकडायचा आणि तरीही तो संपू द्यायचा नाही, असा तिथला हिशेब आहे.

अशीच पाळीव नसलेल्या माशावर जगणारी वस्ती पाहायची तर पडेगावकरांना अलास्का गाठायची गरज नाही. साठेक किलोमीटरवर पैठण आहे आणि तिथे नाथसागर. शहराची तहान भागवणारे हेच पाणी कहार आणि भोई समाजातील मच्छीमारांचे शेत आहे. या शेताचा सातबारा मात्र त्यांच्या नावावर नाही. जलाशयावर सौरऊर्जा प्रकल्प आणण्याच्या हालचाली सुरू झाल्यावर याच मच्छीमारांची एक संघटना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. त्या निकालाने जुनाच प्रश्न पुन्हा वर आणला : या पाण्यातला मासा कुणाचा, आणि तो टिकवायचा कुणी?

नाथसागर केवढा?

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण. मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. एकूण साठवण क्षमता १०२ टीएमसीच्या आसपास. त्यातील सुमारे ७६ टीएमसी वापरता येणारा जिवंत साठा आणि २६ टीएमसी मृतसाठा. धरण काठोकाठ भरले की जवळपास ३५ हजार हेक्टरवर पाणी पसरते. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतील शंभराहून अधिक गावांना या पाण्याची झळ बसली.

एवढ्या मोठ्या विस्ताराच्या मानाने जलाशय उथळ आहे. कडेच्या भागात तर पाणी गुडघा-कमरेएवढेच असते. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ वाढते आणि त्यावर मासा पोसला जातो. याच उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब यांसारखे पाहुणे पक्षी उतरतात. म्हणून १९८६ मध्ये नाथसागर पक्षी अभयारण्य घोषित झाला. म्हणजे पाणी जलसंपदा खात्याचे, पक्षी वन खात्याचे, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि जाळे मच्छीमाराचे. एकाच लाटेवर चौघांचा हक्क. वाद झाला की पहिली नोटीस येते ती जाळेवाल्याला, कारण काठावर सापडतो तोच.

मच्छीमारांची साधने साधी. होडी घेणे परवडत नाही तिथे थर्माकोलचा तराफा. संध्याकाळी जाळे लावायचे, पहाटे काढायचे आणि बर्फ वितळायच्या आत मासा व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकायचा. वाऱ्याच्या दिवसांत नाथसागरात समुद्रासारख्या लाटा उठतात आणि थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळे ओढणे जिवावरचे काम होते.

इथला मासा नैसर्गिक की सोडलेला?

दोन्ही. मरळ, वाम यांसारखे मासे मूळचे गोदावरीचे. ते कुणी आणून सोडलेले नाहीत. रोहू, कटला आणि मृगळ हे बाजारात सर्वाधिक खपणारे तीन मासे मात्र बहुतांशी बीजावर अवलंबून असतात. कारण सोपे आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहते, गढूळ, चढते पाणी लागते. पूर आला की ते जलाशयातून वरच्या अंगाला, नदीच्या मुखाकडे सरकतात. प्रवरासंगमाच्या बाजूने गोदावरी आणि प्रवरेचे नवे पाणी आत शिरते तो हा काळ. इथे सॅल्मनची आठवण यावी. तोही वाहत्या पाण्याचा माग काढत वर चढतो. फरक इतकाच की पॅसिफिकमधला सॅल्मन अंडी घालून मरतो आणि रोहू पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येऊ शकतो, जाळ्यातून वाचला तर.

गोदावरीत सॅल्मनच्या अधिक जवळचा एक मासा आहे, पण तो पैठणपर्यंत पोहोचत नाही. कोकणात ज्याला पाला म्हणतात तो हिल्सा पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून आंध्रात गोदावरीत चढतो. राजमहेंद्रीकडे त्याला पुलसा म्हणतात आणि एकेका माशाला हजारो रुपये मोजतात. धवळेश्वरमचा बंधारा त्याची वाट अडवतो. नदी तीच. वरच्या टोकाला धरणाने मासेमारी वाढवली आणि खालच्या टोकाला बंधाऱ्याने माशाचा रस्ता तोडला.

बीजाचा प्रश्न देशाने १९५७ मध्येच बऱ्यापैकी सोडवला होता. त्या वर्षी हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून हंगामात जिरे, मग बोटुकली, मग जलाशयात संचयन अशी साखळी तयार झाली. पैठणलाही शासनाचे मत्स्यबीज केंद्र आहे. पण सोडलेली बोटुकली मोठी होईपर्यंत वाचली तरच तिचा उपयोग. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाच्या जाळ्याने तीच बोटुकली महिन्याभरात बाहेर काढली, तर सरकारचा पैसा आणि मच्छीमाराचे पुढचे वर्ष दोन्ही एकाच टोपलीत जातात.

शिवाय चिलापी आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा वर्षातून अनेकदा पिले काढतो, मादी अंडी तोंडात सांभाळते, पाणी कसेही असले तरी जगतो. भाव कमी, पण जाळे रिकामे राहत नाही. चिलापी वाढली की मच्छीमार बारीक आसाकडे वळतो आणि त्या जाळ्यात चिलापीबरोबर कटल्याची पिलेही येतात. हे दुष्टचक्र ठरावाने मोडत नाही. त्यासाठी चार महिने जाळे बाजूला ठेवता येईल इतका पैसा घरात लागतो.

अलास्कात नेमके काय करतात?

नैऋत्य अलास्कातील ब्रिस्टल बे या उपसागरात जगातील सर्वाधिक सॉकआय सॅल्मन येतो. २०२२ मध्ये सुमारे ७.९ कोटी मासे परतले, हा विक्रम मानला जातो. तिथली कित्येक गावे रस्त्याने जोडलेलीच नाहीत. विमान किंवा होडी, तिसरा मार्ग नाही. इगिउगिगसारख्या गावाची वस्ती शंभराच्याही आत. युपिक, देनाइना, अलुतीक या मूलनिवासी समाजांसाठी सॅल्मन ही हिवाळ्याची बेगमी आहे.

तिथला नियम एका वाक्यात सांगता येतो : आधी नदीचा वाटा, मग जाळ्याचा. प्रत्येक नदीत किती मासे अंडी घालायला वर गेले पाहिजेत, याचे लक्ष्य हंगामाआधी ठरते. नदीकाठच्या मनोऱ्यांवर बसलेले कर्मचारी दर तासाला दहा मिनिटे डोळ्यांनी मासे मोजतात आणि त्यावरून तासाचा अंदाज काढतात. गढूळ नदीत ध्वनिलहरींचे यंत्र लावतात. आकडा कमी पडला तर मासेमारी थांबते, भरपूर असेल तर लगेच उघडते. होडीची लांबी ३२ फुटांपुढे चालत नाही. १९७३ पासून परवान्यांची संख्याही मर्यादित आहे.

हे शहाणपण तिथेही सहज आलेले नाही. डबाबंद मासळीच्या कंपन्यांनी लावलेल्या प्रचंड सापळ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सॅल्मन जवळपास उपसून काढला होता. १९५९ मध्ये अलास्का राज्य झाले, ते सापळे बंद झाले आणि मासळी टिकवूनच वापरायची हे तत्त्व थेट राज्यघटनेत लिहिले गेले. १९९० मध्ये तर माशांची व्यापारी शेतीच राज्याने बंद केली. पुढे ब्रिस्टल बेच्या उगमाकडे सोने-तांब्याची पेबल खाण येऊ घातली, तेव्हा मच्छीमार आणि मूलनिवासी एकत्र उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्या खाणीची वाट रोखली.

तरी तिथे सगळे आलबेल नाही. त्याच अलास्कात युकॉन नदीतील चिनूक सॅल्मन इतका घटला, की २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सात वर्षे त्याची मासेमारी थांबवण्याचा करार केला. त्या काठावरची धुराडी, जिथे मासा धुरी देऊन वाळवला जायचा, थंड पडली. मोजणी सुरू होती, पण समुद्र तापत असताना नुसते मोजून मासा परत येत नाही.

पैठणमध्ये माशाचा वाटा कोण ठेवतो?

महाराष्ट्रात समुद्रावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ती बंदी सगळ्यांना ठाऊक आहे. जलाशयांसाठी १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे, पण नाथसागरासारख्या ३५ हजार हेक्टरांवर रात्रीच्या अंधारात कुणाचे जाळे किती आसाचे आहे हे पाहणार कोण? अलास्कात नियम पाळला जातो, कारण परवाना हीच मच्छीमाराची मालमत्ता आहे आणि ती गमावण्याची भीती आहे. ज्याला उद्या हे पाणी आपले राहील याची खात्री नाही, तो आज पिलू सोडेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पाण्याचेही तसेच. दुष्काळात जायकवाडी मृतसाठ्यात जाते तेव्हा मासा थोड्या पाण्यात कोंडला जातो. काही आठवडे जाळी भरभरून निघतात, भाव पडतात आणि पुढच्या हंगामासाठी अंड्यावर येणारा मासाच उरत नाही. १५ ऑक्टोबरपर्यंत धरणात ६५ टक्के साठा झाला नाही तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावर आधारलेले सूत्र. त्यावर दरवेळी आंदोलने होतात, न्यायालयात धाव घेतली जाते. त्या हिशेबात पिण्याचे, शेतीचे, उद्योगाचे पाणी असते. माशाला किती पाणी लागते, हा रकाना त्यात नसतो.

सौर प्रकल्पाचा वाद काय?

टीएचडीसी इंडिया या सार्वजनिक कंपनीच्या जायकवाडी जलाशयावरील तरंगत्या सौर प्रकल्पाला पैठणच्या कहार समाज पंच समितीने आव्हान दिले. हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पक्षी आणि मासे यांच्यावर परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याचिका फेटाळली. संवेदनशील क्षेत्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत अपारंपरिक ऊर्जेला बंदी नाही, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. अशा प्रत्येक प्रकल्पाला विरोध होत राहिला तर देशाची प्रगती कशी होणार, असा न्यायालयाचा सूर होता.

तरंगत्या पटलांची बाजूही लंगडी नाही. जमीन लागत नाही, बाष्पीभवन घटते आणि मराठवाड्यात बाष्पीभवन वाचणे ही लहान गोष्ट नाही. पण पटलांखाली ऊन पोहोचत नाही, त्यामुळे शेवाळ कमी आणि माशाचे खाद्यही कमी. पटले जागेवर ठेवायला दोर आणि नांगर लागतात, तिथे जाळे अडकते. सुरक्षेसाठी तो भाग बंद झाला की तराफ्याला वळसा पडतो. मध्य प्रदेशात नर्मदेवरील ओंकारेश्वर जलाशयात ६०० मेगावॅटच्या अशाच प्रकल्पाची आखणी झाली तेव्हा तिथल्या मच्छीमारांनीही हीच चिंता मांडली.

म्हणून पटले हवीत की नकोत, यापेक्षा ती कुठे बसणार हा प्रश्न मच्छीमारासाठी मोठा आहे. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात बसली तर नुकसान कमी. उथळ काठावर किंवा नदीच्या मुखाकडच्या वाटेवर बसली तर मासा आणि पक्षी दोघांनाही फटका.

पुढे काय?

राज्य सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मत्स्यपालकाला वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. नाथसागरात तराफ्यावर बसणाऱ्याकडे मात्र ना तळे आहे, ना विजेचा मीटर. त्याच्यासाठी कामाची गोष्ट वेगळी : प्रकल्पाचा आराखडा ठरताना मासेमारीच्या जागा नकाशावर दाखवल्या जातात का, पावसाळ्यात प्रवरासंगमाकडचा पट्टा जाळ्यांना बंद ठेवला तर त्या काळात घरी धान्य येते का, आणि जलाशयात दरवर्षी किती बोटुकली सोडली व किती मासा निघाला याचा फलक गावात लागतो का.

जगात टिकाऊ मासेमारीला दाखला देणारी एमएससी ही संस्था अलास्काच्या सॅल्मनला २००० पासून ओळखते. भारतात असा पहिला दाखला २०१४ मध्ये केरळच्या अष्टमुडी तलावातील शिंपल्यांना मिळाला. तिथेही आधी शिंपले संपत आले होते. मग किमान आकार ठरला, जाळ्याचा आस ठरला, प्रजननाच्या महिन्यांत उपसा थांबला आणि तो निर्णय घेताना शिंपले काढणारे टेबलाच्या एका बाजूला बसले होते.