चाकावरची काळी कड

माणदेशात जीप कधी हौसेसाठी आली नाही. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, विटा या पट्ट्यात एसटी चुकली की वडाप, म्हणजे शेअर जीप, आणि वडापला महिंद्राची कमांडर नाहीतर ट्रॅक्स. त्या गाड्यांचे मडगार्ड पत्र्याचे. पोचा आला की डेंटरकडे न्यायचं, ठोकून घ्यायचं, वर पुट्टी आणि रंगाचा हात. नाशिकच्या कारखान्यातून २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली नवी थार कमांडरच्याच घराण्यातली. पण तिच्या चाकांवरची कमान काळ्या प्लास्टिकची. तिथं हातोडीचं काम नाही.

या कमानीला कुणी फ्लेअर म्हणतं, कुणी क्लॅडिंग. पुष्कळांना ती नुसती सजावट वाटते. खरं तर चाकानं उडवलेली खडी आणि चिखल अंगावर झेलायचं काम तिचं. रुंद टायर घातला की तो बॉडीबाहेर डोकावतो आणि खडी थेट दारावर येते. म्हणून टायर रुंद तर फ्लेअरही रुंद. तो तुटला तर तुटू द्या, आतला पत्रा वाचला पाहिजे.

आता सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचं हवामान बघा. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पाठीमागं दडलेल्या माणला पाचशेच्या आगेमागे, काही वर्षी तेवढाही नाही. सावलीला झाड नाही, असलीच तर वेडी बाभूळ. इथं प्लास्टिक ऊन खातं. फ्लेअर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला प्राणवायू मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात, वरच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, प्लास्टिकात मिसळलेली भरणीची पूड उघडी पडते आणि काळा फ्लेअर राखेसारखा पांढुरका दिसू लागतो. काळा रंग आत तसाच असतो, फक्त वरची कातडी गेलेली असते.

मग उपाय सुरू होतात. डिझेलचा बोळा, खोबरेल तेल, बुटाचं पॉलिश. तेल भेगांत शिरतं आणि फ्लेअर नव्यासारखा काळा दिसतो. फुफाट्याच्या रस्त्यावर एक फेरी झाली की सगळी धूळ त्याच तेलाला चिकटते. गरम हवेची बंदूक फिरवली की वरचा थर किंचित वितळून भेगा मिटतात. करामत खरी, पण झिजलेलं प्लास्टिक परत येत नाही, काही महिन्यांत पांढरेपणा पुन्हा डोकं काढतो. बंदूक एका जागी थांबली तर फ्लेअर वाकडा होतो तो कायमचाच. माझं मत विचाराल तर साबणानं धुऊन, अल्कोहोलनं तेलकटपणा काढून प्लास्टिकसाठीचंच रिस्टोअरर लावावं. रंगच द्यायचा असेल तर आधी प्लास्टिकचा प्रायमर हवाच. पॉलिप्रॉपिलिनवर साधा रंग धरत नाही, साली निघतात.

बसवण्यात खरी कसोटी लागते. मे महिन्यात माणच्या उन्हात काळं प्लास्टिक हात लावू देत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे तेच गारठून आक्रसतं. चाळीस अंशांच्या फरकाला मीटरभर लांबीचा फ्लेअर तीनेक मिलिमीटर, कधी जास्तही, लांब-आखूड होतो. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोघांना गच्च आवळून बांधलं तर क्लिप तुटते नाहीतर भोकापाशी चीर जाते. जाणता फिटर आधी फ्लेअर नुसता धरून बघतो, रंगावर कागदी टेप लावून खुणा करतो, मधला स्क्रू पक्का बसवतो आणि टोकाकडची भोकं लांबट ठेवतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. डबल टेपवर बसवायचा असेल तर पुढचा अख्खा दिवस गाडी ना धुवायची, ना खडीवर घालायची. टेपला पकड यायला वेळ लागतो.

पत्र्याला भोक पाडलं की तिथून गंज शिरणारच. भोकाची धार कानशीनं घासायची, उघड्या पत्र्यावर जस्ताचा प्रायमर लावायचा, वर रंग. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी बीडिंग बसवायचं. एवढं करूनही धूळ आत जातेच, आणि वळवाच्या पहिल्या सरीत तिचा चिखल होऊन पत्र्याला चिकटून बसतो. तो आतल्या आत ओलावा धरून ठेवतो. म्हणून खालचं टोक पाणी निथळायला मोकळं हवं, आणि वर्षातून दोनदा तरी आतून पाण्याचा फवारा.

तुटलेला फ्लेअर जोडता येतो. मागच्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस असेल तर तुटलेल्या कडा अ‍ॅसिटोननं विरघळवून जुळवता येतात. पॉलिप्रॉपिलिनवर अ‍ॅसिटोन चालत नाही, तिथं तापलेल्या लोखंडानं तारेची जाळी रुतवून डाग द्यावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच बजावलं. कंपनीच्या मापाचा फ्लेअर बदलण्यात अडचण येऊ नये. त्याच्या आडून भलतेच टायर चढवले तर साताऱ्याची एमएच ११ असो की सांगलीची एमएच १०, पावती फाटू शकते.

गॅरेजात गाडी दिलीत तर फ्लेअर चढण्याआधी भोकांना प्रायमर लागलाय का, ते स्वतः वाकून बघा. चढल्यावर तो कुणालाच दिसत नाही.