लहान शब्दांची कुळकथा

इंग्रजींतील लांबलचक शब्दांचें तुम्हांस फार भय वाटतें, हें मी वीस वर्षें पाहत आलों आहें. 'रिस्पॉन्सिबिलिटी'सारखा शब्द फळ्यावर लिहिला कीं वर्गांत उसासे ऐकूं येतात. परंतु असला शब्द बिचारा सरळ असतो. त्याचा अर्थ एकदां पाठ केला कीं तो सहसा बदलत नाहीं. फसवितात ते तीन-चार अक्षरांचे चिमुकले शब्द. आणि ते तर आपल्याला पहिल्या पुस्तकापासूनच येतात अशी आपली समजूत असते.

गेल्या वर्षींची गोष्ट. एका मुलानें भाषांतराच्या वहींत 'तो गाढ झोपला होता' असें लिहावयाच्या जागीं 'तो जलद झोपला होता' असें लिहिलें. वर्ग हंसला. मीं तांबड्या शाईनें वाक्य खोडलें आणि समासांत शेरा मारिला : 'कोश पाहण्याचा आळस.' दुसऱ्या दिवशीं मुलगा गालावर वळ घेऊनच शाळेंत आला आणि मागोमाग त्याचे वडील आले. ते धंद्यानें रंगारी; नखांत निळा रंग बसलेला. "मास्तर," ते म्हणाले, "शेरा वाचून घेतला आणि मीं पोराला मारलें. पण मागाहून त्याची आई म्हणाली कीं, तो रात्रीं दिव्याशीं बसून तेंच जाडें पुस्तक चाळीत होता. मग त्याला सांपडलें नाहीं तें काय?"

मुलानें कोश उघडून दाखविला. 'फास्ट' या शब्दापुढें पहिला अर्थ 'जलद' हाच होता. कोश त्यानें पाहिला होता. आळस माझा होता, कारण तो कसा पाहावा हें मीं त्यास कधीं सांगितलेंच नव्हतें. शेरा मीं तेथल्या तेथें खोडला. गालावरचा वळ मात्र खोडण्याची सोय नव्हती.

तेव्हां वडिलांनीं सहज विचारलें, "पण मास्तर, आमच्या रंगाच्या डब्यावरही 'फास्ट' लिहिलेलें असतें. व्यापारी सांगतो, त्याचा अर्थ रंग पक्का, धुतला तरी जाणार नाहीं. तो शब्द वेगळा काय?"

वेगळा नव्हे, तोच. किंबहुना इंग्रजी न शिकलेल्या या गृहस्थांना त्या शब्दाचा मूळ अर्थ आमच्या कोशापेक्षां अधिक ठाऊक होता. प्राचीन इंग्रजींत हा शब्द 'घट्ट, पक्का, न हलणारा' याच अर्थाचा होता. खुंटीला 'फास्ट' बांधलेली दोरी सुटत नाहीं, आणि निद्रेनें घट्ट धरलेला मनुष्य लवकर जागा होत नाहीं. मग यांतून जलदपणा कसा निघाला? आपला 'जोरानें' हा शब्द पाहा. जोर म्हणजे बळ. पण 'जोरानें पळ' म्हटलें कीं आपल्या मनांत वेग येतो. इंग्रजी शब्दही असाच नेटानें पळण्यापासून वेगानें पळण्याकडे सरकला. उपास या अर्थाचा 'फास्ट' हाही याच घरांतला. नियम घट्ट धरून राहणें, हें त्याचें मूळ. आपणही उपास 'धरतों' आणि 'सोडतों'. सकाळच्या फराळाला इंग्रज 'ब्रेकफास्ट' म्हणतो, त्यांत उपास मोडण्याचीच कल्पना आहे. यापुढची गंमत अशी कीं, कपड्याचा रंग पसरूं लागला तर इंग्रजींत तो 'रन' करतो असें म्हणतात. म्हणजे मुलगा 'फास्ट' असेल तर चांगला 'रन' करतो, आणि रंग 'फास्ट' असेल तर मुळींच 'रन' करीत नाहीं!

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एका लहान शब्दाला अनेक अर्थ असण्याचीं कारणें मुख्यतः दोन आहेत, आणि तीं दोन्ही मराठींतही आहेत. 'लागणें' हें क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेंच लागते, वेड लागतें, प्रवासाला पैसे लागतात. शब्द एकच, तो गडी घरांतलीं सर्व कामें करतो. आतां 'पाठ' हा शब्द घ्या. आजचा पाठ वाचला, आणि पाठ दुखूं लागली. येथें एक शब्द दोन कामें करीत नाहीं. हे दोन निरनिराळे शब्द आहेत. एक संस्कृतांतून जसाच्या तसा आला. दुसरा 'पृष्ठ' या शब्दापासून झिजत झिजत येथवर पोंचला. दोघांनीं एकच अंगरखा घातला आहे, इतकेंच. मराठींत 'तो पाठ' आणि 'ती पाठ' असें लिंग तरी आपल्या मदतीस येतें. इंग्रजीनें नामांचें व्याकरणांतलें लिंग कधींच टाकून दिलें, शब्दांचे जुने प्रत्ययही टाकले, आणि सन १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा मोठा लोंढा घरांत घेतला. मग सारख्या अंगरख्यांची तेथें गर्दी झाली, यांत नवल तें काय?

उदाहरणार्थ 'बेअर'. वाहून नेणें, सोसणें हा एक. अस्वल हा दुसरा. प्राचीन इंग्रजींत पहिला 'बेरन' आणि दुसरा 'बेरा' होता; शेपट्या गळाल्या आणि दोघे एक दिसूं लागले. पहिला आपल्या संस्कृत 'भृ' धातूचा, म्हणजे 'भार' आणि 'भरण' यांचा सगोत्र आहे. अस्वलाची कथा याहून मनोरंजक आहे. अस्वलाचें फार प्राचीन नांव संस्कृतांत 'ऋक्ष' असें राहिलें. ग्रीक व लॅटिन भाषांतही त्याचे भाऊबंद आहेत. परंतु इंग्रजांच्या पूर्वजांनीं तें नांव टाकलें. रानांत त्याचें खरें नांव घेतलें तर तो समोर उभा राहील या भीतीनें ते त्याला नुसता 'तपकिरी' म्हणूं लागले, असें बहुतेक पंडितांचें मत आहे. रात्रीं सापाचें नांव न घेतां 'जनावर' किंवा 'लांबडें' म्हणणाऱ्या आपल्या आजीबाईंना हें मत चटकन पटेल.

'लाइट' या शब्दाचेंही असेंच. उजेड हा एक, हलका हा दुसरा. दोहोंचा संबंध कांहीं नाहीं. उजेडाचा 'लाइट' हा संस्कृत 'रुच्', म्हणजे प्रकाशणें, या धातूचा नातलग. आणि हलकेपणाचा 'लाइट' हा 'लघु' या शब्दाचा. व्याकरणाच्या तासाला ऱ्हस्व स्वराला तुम्ही लघु म्हणतां, तोच हा लघु.

'साउंड' यांत तर चार शब्द दडले आहेत. आवाज हा लॅटिनांतून फ्रेंचमार्गें आला; त्याचा संस्कृत भाऊ 'स्वन'. निरोगी, भक्कम हा अस्सल जुना इंग्रजी. दोन भूभागांमधली अरुंद खाडी हा तिसरा. त्याचा जुना अर्थ पोहणें. पाण्याची खोली मापणें हा चौथा, पुन्हा फ्रेंचांकडून. 'इअर' म्हणजे कान आणि 'इअर' म्हणजे कणीस, हेही दोन वेगळे शब्द. 'धान्याचे कान' असें भाषांतर माझ्या टेबलावर दर वर्षीं एकदां तरी येतें.

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या; आतां माझी सांगतों. शिक्षणशाळेंत असतांना मला रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय सन १६११ च्या इंग्रजी भाषांतरांतून समजावून सांगण्यास दिला होता. पौल लिहितो कीं, मीं तुमच्याकडे येण्याचा बेत पुष्कळदां केला, परंतु आजवर मला 'लेट' केलें गेलें. मीं ठणकावून सांगितलें कीं, त्याला येऊं दिलें! मग तो आला कां नाहीं, असें एका सोबत्यानें विचारलें तेव्हां मी गप्प झालों. 'लेट' म्हणजे होऊं देणें हें खरें. परंतु त्या काळीं त्याच रूपाचें दुसरें क्रियापद जिवंत होतें आणि त्याचा अर्थ अडविणें असा होता. जुन्या इंग्रजींत एकाचा स्वर दीर्घ होता, दुसऱ्यांतला 'त' दुहेरी होता. कालांतरानें दोन्ही 'लेट' झालीं. होय म्हणणारा आणि नाहीं म्हणणारा एकाच वेषांत! असा घोटाळा भाषा फार दिवस सोसत नाहीं. अडविण्याचा 'लेट' हळूहळू मेला, आणि सन १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारांत त्या जागीं निःसंदिग्ध शब्द घातला गेला. तरी दोन कोपऱ्यांत तो अजून जीव धरून आहे. टेनिसमध्यें चेंडू जाळीस लागून पडला कीं 'लेट' म्हणतात. आणि भारतीय पारपत्राच्या आरंभींच्या पानावर, प्रवाशास अडथळा न करतां जाऊं द्यावें अशी जी विनंती असते, तींतही तो आहे. ज्या पालकांजवळ पारपत्र असेल त्यांनीं तें उघडून पाहावें. आगगाडी 'लेट' झाली असें आपण म्हणतों, तो उच्चारानें निराळा शब्द. पण या अडविणाऱ्याचा तो जवळचा आप्त आहे.

कांहीं शब्दांना मात्र कोशकार वेगळे मांडतात आणि खोल खणलें तर मुळें एकमेकांत गुंतलेलीं आढळतात. 'बँक' म्हणजे नदीचा कांठ आणि 'बँक' म्हणजे पेढी. कांठाचा शब्द उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेंतला. मातीचा उंचवटा हा त्याचा अर्थ. पेढीचा शब्द इटलींतला. तेथें सराफ बाजारांत ज्या बांकावर किंवा मेजावर नाणीं मांडून बसत, त्या बांकाचेंच नांव धंद्याला पडलें. (ग्रीक भाषेंत आजही पेढीला जो शब्द आहे तो मूळचा मेजाचा. प्रभूनें मंदिरांत सराफांचीं मेजें उलथलीं, तेथें मूळ ग्रीकांत हाच शब्द आहे.) परंतु इटालियनांनीं तो शब्द घेतला होता तो जर्मानिक लोकांकडून, आणि उंचवटा व बांक हे दोन्ही एकाच प्राचीन शब्दाचे वंशज. आतां तुम्ही बसलां आहां तें आसन पाहा. मराठींतला 'बांक' हा आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि तो याच घराण्यांतला. म्हणजे 'बँक' शब्दाचे दोन अर्थ घोकतांना त्याचा तिसरा भाऊ तुमच्या खालींच असतो.

'बोर्ड' हा शब्द आमच्या शाळेच्या विशेष ओळखीचा आहे. मूळ अर्थ लांकडाची फळी. फळीचें मेज झालें. मेजावर जेवण आलें, म्हणून जेथें राहण्या-जेवण्याची सोय ती 'बोर्डिंग'. त्याच मेजाभोंवतीं मंडळी कारभारासाठीं बसूं लागली, म्हणून परीक्षा घेणारें 'बोर्ड'. जहाजाची बाजूही 'बोर्ड'. म्हणून जहाजावर चढणें या अर्थीं आजही तोच शब्द चालतो. आणि वर्गांतला काळा 'बोर्ड'? त्याला आपण 'फळा' म्हणतों. तोही फळीचाच भाऊ. दोन दूरच्या भाषांना एकाच लांकडावरून एकच कल्पना सुचली.

या सर्वांत मोठा गडी कोणता? ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी कोशाचें संपादन जेम्स मरे यांनीं सन १८७९ मध्यें हातीं घेतलें. पहिला भाग १८८४ मध्यें निघाला, मरे १९१५ मध्यें वारले, आणि काम पुरें झालें तें १९२८ मध्यें. पुढें १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. एकट्या क्रियापदाचे सुमारें ४३० अर्थ. चालू असलेल्या तिसऱ्या आवृत्तींत 'रन' या क्रियापदानें त्यास मागें टाकलें. त्याचे अर्थ ६४५ भरले. माणूस, नदी, नाक, आगगाडी, यंत्र, दुकान, सर्वच 'रन' करूं लागल्यावर दुसरें काय होणार?

म्हणून कोश पाहण्याची रीत. बऱ्याच चांगल्या इंग्रजी कोशांत सारख्या दिसणाऱ्या निरनिराळ्या शब्दांच्या डोक्यावर बारीक आंकडा असतो : १, २, ३. तो आंकडा कुळाचा. त्यापुढें ओळींत जे आंकडे येतात ते त्या एकाच शब्दाच्या कामांचे. प्रथम कूळ ठरवा, मग काम; आणि वाक्याला कोणतें बसतें तें पाहिल्यावांचून पहिल्या अर्थावर उडी टाकूं नका.

तो रंगाऱ्याचा मुलगा परवां ग्रंथालयांतून हंसत आला. त्याला 'डाय' सांपडला होता : रंगविणें हा एक, मरणें हा दुसरा, खेळण्याचा फांसा हा तिसरा. पहिल्या दोहोंतला अक्षरांचा फरकही पूर्वीं पक्का नव्हता. जॉन्सननें आपल्या १७५५ च्या कोशांत दोन्ही शब्द एकाच तऱ्हेनें लिहिले आहेत, हें मीं त्यास दाखविलें.

"वडिलांना सांगितलेंस काय?" मीं विचारलें.

"सांगितलें," तो म्हणाला. "पण रंगाचाच अर्थ तेवढा."