एक आडनांव, एक मूळ पुरुष

चिपळूणचे ते चिपळूणकर. इंग्लंडांतहि कित्येक आडनांवांस हाच न्याय लागू आहे. नॉटिंगहॅमनजीक ट्रेंट नदीकांठीं ॲटनबरो नांवाचें खेडें आहे. ‘गांधी’ (१९८२) चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांचें विरळ आडनांव त्याच गांवावरून पडलें. त्याचीं घराणींहि पूर्वीं मुख्यतः नॉटिंगहॅमशायर परगण्यांतच वसलेलीं होतीं. परंतु गांव एक, म्हणून कूळहि एकच काय? लेस्टर विद्यापीठाच्या संशोधनांत (२००९) पित्याकडून पुत्रास मिळणारें ‘वाय’ गुणसूत्र या आडनांवाच्या दहांपैकीं सुमारें नऊ पुरुषांत एकाच मूळ पुरुषाकडे नेणारें आढळलें. ‘स्मिथ’ हें सर्वत्र पसरलेलें आडनांव मात्र अनेक कुळांचें ठरलें. तथापि ज्या घरीं केवळ कन्याच, तेथें हें गुणसूत्र व आडनांव दोन्हीं खुंटतात. वंश मात्र चालूच राहतो. म्हणून कुलवृत्तांत लिहितांना लेकींच्या शाखा गाळूं नयेत, असें आम्हांस वाटतें.