सुचत नसेल तर आधी नक्कल करा

बऱ्याच जणांचे मेसेज येतात, “ऑफिसनंतर चित्र काढायला बसतो, पण काही सुचतच नाही.”

आपल्या संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलची पोरं घेऊन तिथं यायचे. काम एकच, भिंतीवरची चित्रं जशीच्या तशी उतरवायची. त्यातलेच पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले.

नक्कल करताना प्रश्न पडतात ना, ही मान इतकी का वळवली? कोडिंग तरी आपण कसं शिकलो? दुसऱ्याचा कोड टाइप करूनच की! (कॉपी-पेस्ट नाही हं.)

माझ्या वहीत सध्या पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीचा हात आहे. बोटं अजून जमत नाहीत. पण त्यावरूनच परवा माझं स्वतःचं चित्र सुचलं: रिक्षावाल्याचा हँडलवरचा हात.