खासगीचा पैसा : अहिल्याबाईंच्या दानधर्माची घडी

काशीला विश्वनाथाचं आज जे देऊळ आहे ते अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधून पुरं केलं. गयेचं विष्णुपद मंदिर त्यांचंच. सोमनाथाला मूळ जागेपासून थोड्या अंतरावर १७८३ साली उभं राहिलेलं देऊळही त्यांचंच. या तिन्ही ठिकाणांपैकी एकही होळकरांच्या राज्यात नव्हतं. सोमनाथ जुनागढच्या नवाबाच्या मुलखात होतं, गया कंपनी सरकारकडे गेली होती आणि काशीवरही कंपनीची सत्ता बसली होती. त्यांच्या पुण्यशीलतेबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते रास्तच आहे. पण व्यवहाराचे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हा पैसा आला कुठून? परमुलखात तो पोचला कसा? आणि कळस चढल्यावर रोजच्या दिव्यात तेल कोण घालत होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अहिल्याबाईंच्या सासूबाईंकडे जातं. सासरे मल्हारराव होळकर तळोद्याला मामाकडे, भोजराज बारगळांकडे वाढले आणि मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. मल्हाररावांना माळव्यात मिळालेला मुलूख सरंजामी होता. फौज बाळगायची, पेशव्यांच्या मोहिमेत हजर व्हायचं आणि त्याबद्दल मुलखाचा वसूल घ्यायचा, असा त्याचा करार. त्याचा हिशेब पुण्याच्या दफ्तरात द्यावा लागे. थकबाकी निघे, जप्तीही येऊ शके. कर्ता पुरुष रणात पडला किंवा पेशव्यांची मर्जी फिरली तर घरच्या बायकामुलांनी खायचं काय, हा प्रश्न प्रत्येक सरदाराला होता. मल्हाररावांनी तो वेळीच सोडवला. त्यांच्या विनंतीवरून जानेवारी १७३४ मध्ये थोरल्या बाजीरावांनी गौतमाबाईंच्या नावे वेगळी जहागीर करून दिली. तिचा वार्षिक वसूल सुमारे तीन लाख रुपये होता. माळव्यातला महेश्वरचा परगणा तीत होता, तसाच आपल्याकडचा चांदवड आणि अंबडचा भागही होता. हीच होळकरांची खासगी.

इथून होळकरांच्या घरात दोन खाती झाली. एक दौलतीचं : फौज, मोहिमा, खंडणी, पुण्याचा भरणा. दुसरं खासगीचं : ते घरच्या मुख्य स्त्रीच्या हाती, वंशपरंपरेनं चालणारं आणि चाकरीच्या अटीतून मोकळं. खासगीची गावं वेगळी, कारभारी वेगळे, दफ्तरही वेगळं. आपण राजघराण्यातल्या स्त्रियांचा दानधर्म म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दागिने उतरवून देणारी राणी येते. होळकरांकडे दागिना मोडावा लागला नाही, कारण स्त्रीच्या हाती दर वर्षी पिकणारी गावं होती. माझ्या मते अहिल्याबाईंच्या साऱ्या कामाची किल्ली इथे आहे. त्यांच्याआधी आणि नंतरही श्रद्धाळू, उदार राण्या पुष्कळ झाल्या. इतका मोकळा, नियमित आणि सुरक्षित पैसा फार थोड्यांच्या हाती होता.

चौंडीच्या पाटलांची ही लेक कारभार शिकली ती सासरी. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. त्यानंतर मल्हाररावांनी सुनेला जी पत्रं धाडली त्यांत तोफखाना आणि रसदीच्या सूचना आहेत. म्हणजे घरात बसून पूजा करणारी विधवा अशी तिची गणना सासऱ्यांनीच केली नव्हती. १७६१ साली गौतमाबाई गेल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. मग दौलतीचीही सूत्रं त्यांनी घेतली, महेश्वरला राजधानी केली आणि फौज तुकोजी होळकरांच्या हाती दिली.

खात्यांची वाटणी टिकते की नाही, याची परीक्षा याच वेळी झाली. मालेराव गेल्यावर पेशव्यांच्या घरातल्या राघोबादादांची नजर होळकरांच्या खजिन्याकडे वळली आणि घरचेच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड त्यांना सामील झाले. अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवून खजिना धर्मकार्याला वाहिल्याची हकिगत जॉन माल्कमनं १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या माळव्याच्या इतिहासात नोंदली आहे. त्यांच्या कारकिर्दीला तोवर तीस वर्षंही उलटली नव्हती. त्यांना पाहिलेली माणसं हयात होती आणि माल्कमनं ती गाठली. तुळशीपत्राचा अर्थ व्यवहारात फार ठोस होता. एकदा अर्पण केलेला पैसा परत घेणं म्हणजे देवाचं द्रव्य हरण करणं. ते करायला पेशव्यांच्या घरातला पुरुषही धजावणार नाही, हे बाई जाणून होत्या. पुढे तुकोजींनाही मोहिमांसाठी सतत पैसा कमी पडे आणि त्यावरून दोघांत बऱ्याच कुरबुरी झाल्या. तरीही धर्मादायाचा ओघ आटला नाही.

आता दुसरा प्रश्न. महेश्वरहून गयेला किंवा काशीला रोकड बैलावर लादून धाडणं म्हणजे वाटेत लुटीला आमंत्रण. त्या काळी असा पैसा हुंडीनं जाई. एका गावच्या सावकाराकडे रक्कम भरायची आणि त्याच्या चिठ्ठीवर दूरच्या पेढीतून ती उचलायची. ज्या राज्यात काम करायचं तिथल्या दरबारचा आपला वकील जागा, परवानगी, दस्तक यांची बोलणी करी. मराठ्यांचे वकील हिंदुस्थानभर बसलेले होते ते राजकारणासाठी, पण तीच माणसं आणि तीच वाट धर्मकार्याला कामी आली. सोमनाथाला तर बांधणीतही राजकीय भान दिसतं. शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे आणि वर देऊळ. पुन्हा कुणी चाल करून आलं तर मूळ स्थान वाचावं, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो.

कारागिरांचं उदाहरण गयेजवळ अजून पाहायला मिळतं. विष्णुपदासाठी काळा दगड ज्या डोंगरातून काढला, त्याच्या पायथ्याच्या पत्थरकट्टी गावात राजस्थानातून पाथरवट आणून वसवले गेले. देऊळ १७८७ साली पुरं झालं. कारागीर तिथेच राहिले. त्यांचे वंशज आजही मूर्ती घडवतात. एका बांधकामानं एका गावाला सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ धंदा दिला.

पण खरी अवघड गोष्ट तिसरी, आणि अहिल्याबाईंचं मोठेपण मला तिथे सर्वांत जास्त जाणवतं. देऊळ बांधणं हा एकदाचा खर्च असतो. पुजाऱ्याचं वर्षासन, नैवेद्य, दिवाबत्ती, अन्नछत्राचं धान्य, उन्हाळ्यातली पाणपोई, पावसाळ्यानंतर घाटावरचा गाळ काढणं हा खर्च कधीच संपत नाही. खासगीतून या कामांच्या वार्षिक नेमणुका ठरवून दिलेल्या असत. अमुक ठिकाणी अमुक कामाला दर साल इतके रुपये, आणि ते अमुक उत्पन्नातून. दक्षिणेतल्या देवळांना नियमित गंगाजल पोचवण्याची व्यवस्था होती. उन्हाळ्यात वाटसरूंना आणि नांगराच्या बैलांना पाणी पाजायला माणसं नेमलेली होती. महेश्वरजवळ पिकलेली शेतं विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडली जात, असंही माल्कम लिहितो. यातलं पाखरांचं शेत ऐकायला गोड वाटतं म्हणून लक्षात राहतं. मला बैलांचं पाणी जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यासाठी रोज कुणीतरी हजर राहावं लागे आणि त्या माणसाचा पगार कुठूनतरी यावा लागे.

त्यामुळेच १७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्यावर ही कामं बंद पडली नाहीत. तुकोजींच्या मागे वारसाची भांडणं झाली, १८१७ मध्ये महिदपूरची लढाई होळकर हरले, इंग्रजांचा अंमल आला. दौलत निम्मीशिम्मी झाली, तरी धर्मादायाची परंपरा चालत राहिली. दुसऱ्या मराठा घराण्यातल्या बायजाबाई शिंद्यांनीही काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवर १८२८ मध्ये खांबांचा मंडप उभारला. सरदारघराण्यातल्या बायकांनी काशीला काहीतरी करायचं, ही रीत रुळली होती. मात्र खासगीएवढी पक्की मांडणी त्या रीतीला क्वचितच लाभली.

या घडीला धक्का बसला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही युद्धाशिवाय. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. खासगीचं उत्पन्न सरकारकडे गेलं आणि त्याबदल्यात धर्मादायासाठी दर वर्षी २,९१,९५२ रुपये कायम द्यायचं ठरलं. १९६२ साली त्यासाठी खासगी न्यास स्थापन झाला. त्याच्याकडे देशभरातल्या दोनशेहून अधिक मालमत्ता आहेत. १७३४ चा आकडा आठवा : सुमारे तीन लाख. सव्वादोनशे वर्षांनी आकडा जवळपास तोच राहिला, पण त्यामागची गावं गेली. गावाचा वसूल धान्याच्या भावाबरोबर वाढतो, ठरावातली रक्कम वाढत नाही. इतक्या देवळांची, घाटांची आणि धर्मशाळांची निगा आजच्या काळात या आकड्यात कशी राखणार? पुढे हरिद्वारच्या घाटाजवळच्या मालमत्तेच्या विक्रीवरून वाद उठला, तो उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं या न्यासाची नोंदणी मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली करण्याचा आदेश दिला. देणगीचं उत्पन्न आणि देणगीची वास्तू यांची ताटातूट झाली की वास्तूच विकायला निघते, हे या प्रकरणात मला दिसतं.

महेश्वरला रोज सकाळी मातीची शिवलिंगं करून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत सोडण्याचा परिपाठ अजून चालू आहे. आपल्याकडे मात्र होळकरांच्या कितीतरी बारवा झुडपांनी भरल्या आहेत. अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती २०२५ मध्ये झाली. पुतळे उभे राहिले, नगर जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. तुमच्या गावात त्यांच्या काळची बारव, घाट किंवा धर्मशाळा असेल तर एवढं करा : तिची वर्षभराची साफसफाई आणि डागडुजी यांना किती खर्च येतो, तो गवंड्याला विचारून कागदावर मांडा आणि ग्रामसभेत ठराव करून ती रक्कम दर वर्षीच्या अंदाजपत्रकात घालून घ्या.