भाषेचे अलंकार

ठाणे जिल्ह्यातील बेलवली हा बदलापूर शहराचा एक भाग आहे. या शहराजवळून उल्हास नदी वाहते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह संथ असतो. पावसाळ्यात तीच नदी दुथडी भरून वाहू लागते. तेव्हा काठावरचा मनुष्य 'पाणी फार वाढले आहे' एवढेच म्हणून थांबत नाही. 'नदी वाघिणीसारखी चवताळली आहे', असे तो म्हणतो. मनातील भाव ऐकणाऱ्याच्या मनात ठसावा, म्हणून भाषा असे जे शोभिवंत रूप धारण करते, त्यास अलंकार म्हणतात.

वरील वाक्यात वर्णन नदीचे आहे. म्हणून नदी हे उपमेय होय. तिची तुलना वाघिणीशी केली आहे. म्हणून वाघीण हे उपमान होय. 'सारखी' हा शब्द दोहोंतील साम्य दाखवितो. या अलंकारास उपमा म्हणतात. 'नदी जणू चवताळलेली वाघीणच!' असे म्हटले, की उपमेय हे उपमानच असावे असे भासू लागते, ही उत्प्रेक्षा. 'नदीरूपी वाघीण शेतांत शिरली' या वाक्यात दोन्ही एकरूप झाली, हे रूपक. 'दमलेली नदी पहाटे काठांच्या कुशीत निजली' येथे निर्जीव नदीस सजीवाचे गुण दिले आहेत, ही चेतनगुणोक्ती. आणि 'आभाळ फाटले' ही अतिशयोक्ती. कारण पाऊस कितीही पडला, तरी आभाळ फाटत नाही.

तथापि अलंकार सर्वच ठिकाणी योग्य ठरतो असे नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बचावपथकांनी सुखरूप बाहेर काढले. अशा वेळी 'रुळांवर समुद्र पसरला आहे' असा निरोप कोणी धाडला, तर त्याची भीती कळेल. पण पाणी गुडघाभर आहे की छातीभर, हे कळणार नाही. होडी पाठवावी की दोर, हे मग कशावरून ठरवावे? तेथे साधे, नेमके वाक्यच प्राण वाचविते.

पूर ओसरल्यावर मात्र त्या रात्रीची भीती सांगताना नुसते आकडे अपुरे पडतात. तेथे अलंकारच उपयोगी पडतो. दागिन्याप्रमाणे अलंकारही प्रसंग पाहूनच वापरावा. या शेवटच्या वाक्यातही एक अलंकार आहे; तो कोणता, हे विद्यार्थ्यांनी शोधून काढावे.