दोयांगचे ससाणे आणि शरदातील हवामान

पर्जन्यकाळ सरला की देशातील पाणथळ जागांकडे पक्षिनिरीक्षकांची पावले वळू लागतात. भरतपूर किंवा चिलिका येथे जाणाऱ्यास तारखेची फारशी चिंता करावी लागत नाही. तेथील पाहुणे पक्षी हिवाळाभर मुक्कामाला असतात. नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयाची गोष्ट निराळी आहे. पूर्व सैबेरिया व ईशान्य चीनमधून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे निघालेले अमूर ससाणे येथे ऑक्टोबरच्या मध्यापासून सुमारे महिनाभरच थांबतात. हे आगमन आणि प्रस्थान हवामानाशी बांधलेले असल्याने सहलीचे नियोजनही हवामान पाहूनच करावे लागते.

ईशान्य भारतातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास माघार घेतो. ओल्या जमिनीतून त्यानंतरही पंख फुटलेली वाळवी बाहेर पडत असते आणि जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी तिच्यावर पुष्ट होतो. म्हणजे परतीची एखादी सर ही निरीक्षकाला अडचण वाटली तरी ससाण्यांना ती मेजवानीच होय. पुढे आकाश निवळून ईशान्येकडील वारे स्थिरावले की अनुकूल वाऱ्याच्या साह्याने थवे निघतात. भारतीय वन्यजीव संस्थेने 2013 पासून उपग्रह-प्रक्षेपक बसवून केलेल्या अभ्यासात काही पक्षी भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून सलग पाच-सहा दिवस उडत राहिल्याचे आढळले. लोणावळ्याच्या परिसरात पक्षिप्रेमींना अधूनमधून दिसणारे अमूर ससाणे याच प्रवासातले.

याच काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळेही निर्माण होतात. ऑक्टोबर 2022 मधील ‘सितरंग’ वादळ बांगलादेशच्या किनाऱ्यावर आले, तरी ईशान्येकडील राज्यांत त्याने जोरदार पाऊस पाडला. कोहिमा ते वोखा हा सारा घाटरस्ता. मोठ्या पावसात दरड कोसळण्याचा धोका तेथे असतोच. भारतीय हवामानशास्त्र विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांच्या पावसाचा अंदाज प्रसिद्ध करतो. सहलीचा आठवडा त्यावरून ठरवावा, निघण्याचा दिवस मात्र अलीकडच्या काही दिवसांच्या जिल्हावार अंदाजावरून, आणि दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत. पोहोचल्यावर घड्याळापेक्षा सूर्याकडे लक्ष द्यावे. ऑक्टोबरअखेरीस तेथे पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. रातथाऱ्यावर परतणाऱ्या हजारो पक्ष्यांनी आकाश भरून जाते ते त्याच सुमारास. पश्चिम भारतातील सवयीने पाच वाजता निघणाऱ्याच्या वाट्याला अंधारच येतो. पहाटे जलाशयावर धुके असल्यास ते विरेपर्यंत धीर धरावा.

या नियोजनात स्थानिकांचे हितही गुंतलेले आहे. 2012 च्या हंगामात झाडांमध्ये जाळी लावून येथे एक लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. पकडणाऱ्यांत जलाशयाखाली शेती गेलेली कुटुंबेही होती आणि या विक्रीवर त्यांचा हंगाम चाले. वन विभाग, स्वयंसेवी संस्था व चर्च यांच्या प्रयत्नांनंतर पांगती, आशा व सुंगरो येथील ग्रामपरिषदांनी बंदी घातली आणि 2013 मध्ये शिकार थांबली. लोथा नागा समाजाचा हा निर्णय देशाच्या संवर्धन-इतिहासात अपवादात्मक म्हणावा लागेल. मात्र सोडून दिलेल्या उत्पन्नाची भरपाई करू शकणारा पर्यटनाचा हंगाम अवघ्या चार-पाच आठवड्यांचा असतो. पावसाची बातमी ऐकताच पाहुण्यांनी बेत रद्द केला तर घरगुती निवास चालविणाऱ्यांचा, वाटाड्यांचा व वाहनचालकांचा तो आठवडा पुन्हा वर्षभर येत नाही.

म्हणून शक्यतो सहल रद्द न करता दोन-तीन दिवस पुढे ढकलावी आणि तशी सवलत यजमानांशी आधीच बोलून ठेवावी. बाहेरील राज्यांतील नागरिकांना नागालँडसाठी इनर लाइन परमिट लागते. त्याचा अर्ज करताना मुदतीत हे राखीव दिवसही धरावेत.